निवृत्तीचा दिवस कोणी ठरवायचा?

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी दुबईत सानिया मिर्झा आपला शेवटचा व्यावसायिक सामना खेळली. जोडीला अमेरिकेची मॅडिसन कीज होती. समोर वेरोनिका कुदरमेतोवा आणि ल्युदमिला सॅमसोनोवा. पहिल्याच फेरीत ६-४, ६-० असा सरळ पराभव झाला. याच दुबईत २००५ साली तिने अमेरिकन ओपनची तेव्हाची विजेती स्वेतलाना कुझनेत्सोवा हिला हरवले होते. त्या विजयानंतर जगाने तिचे नाव नीट लक्षात ठेवले. अठरा वर्षांनी त्याच शहरात तिने रॅकेट खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी आमच्या रहिमतपुरात नेहमीच्या चहाच्या टपरीवर हा विषय निघाला. रहिमतपूर म्हणजे कोरेगाव तालुक्यातले, पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचे गाव. इथे कुस्ती, कबड्डी, क्रिकेट यांवर तासन्‌तास बोलणारी माणसे भेटतील. टेनिसची रॅकेट हातात धरलेला माणूस माझ्या तरी ओळखीत नाही. पण त्या अर्ध्या तासात सानियावर पाच वेगवेगळी मते ऐकायला मिळाली.

एकाचे म्हणणे, तिने उशीर केला, पहिल्या नंबरवर असतानाच थांबायला हवे होते. दुसरा म्हणाला, थांबायची घाई केली, गेल्याच महिन्यात तर ती ग्रँड स्लॅमच्या अंतिम सामन्यात होती. तिसऱ्याच्या मते एकेरी सोडली त्या दिवशीच खरी निवृत्ती झाली, दुहेरी हा काही खरा खेळ नव्हे. नमाजहून परतताना थांबलेले एक बुजुर्ग म्हणाले, "खेळली चांगली, पण लिबासाचं भान ठेवायला हवं होतं." आणि कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या एका जुन्या मित्राने मान वर न करताच विचारले, "आता कुठं राहणार, हैदराबादला की पाकिस्तानला?"

गंमत म्हणजे हे पाचही जण स्वतःला तिचे चाहते म्हणवतात. मीसुद्धा म्हणवतो.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा कऱ्हाडहून फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने आमच्या घरच्या दखनीत एकच प्रश्न विचारला. "उने अपने मन से छोडी ना, भाई?" तिने स्वतःच्या मर्जीने सोडले ना, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. टपरीवरच्या पाच जणांपैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. मलाही नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे.

आधी खेळाचा हिशोब

सानियाबद्दल इतके काही बोलले जाते की तिने कोर्टवर काय केले, हेच मागे पडते. म्हणून आधी तो हिशोब मांडू.

जन्म १५ नोव्हेंबर १९८६, मुंबई. वाढली हैदराबादेत. वडील इम्रान मिर्झा, आई नसीमा. निवृत्ती जाहीर करताना तिने एक आठवण लिहिली होती. सहा वर्षांची असताना ती आईबरोबर निजाम क्लबच्या कोर्टवर गेली. ही मुलगी फार लहान आहे म्हणून प्रशिक्षक तिला घ्यायला तयार नव्हता. त्याच्याशी भांडून तिला खेळायला मिळाले. म्हणजे तिचे पहिले भांडण कोर्टच्या आत नव्हते, कोर्टवर पाय ठेवता यावा यासाठी होते.

२००३ साली तिने अलिसा क्लेबानोवाच्या जोडीने विम्बल्डनमध्ये मुलींच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. फेब्रुवारी २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीएचे एकेरी विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली. तिथे तिला मारिया शारापोवाने हरवले, पण ग्रँड स्लॅमच्या एकेरीत इथवर त्यापूर्वी कोणतीही भारतीय महिला पोहोचली नव्हती. ऑगस्ट २००७ मध्ये ती एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर होती.

हे किती मोठे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला लीला राव. वर्ष १९३४. संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव यांची ही मुलगी. म्हणजे भारतीय महिला टेनिसचे पहिले पान एका मराठी घरात लिहिले गेले. पुढे १९३९ साली मलिहाबादचे गौस मोहम्मद विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत गेले. तिथवर पोहोचणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षीचा विजेता बॉबी रिग्ज याने त्यांना हरवले. लीला रावांनंतर मात्र महिलांच्या बाजूला फार मोठी पोकळी दिसते. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत पुन्हा एखाद्या भारतीय महिलेने एकेरीचा सामना जिंकायला १९९८ साल उजाडले. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निरुपमा वैद्यनाथनने तो जिंकला. तिच्यानंतर सातच वर्षांनी सानिया चौथ्या फेरीत होती.

आता टपरीवरच्या तिसऱ्या मित्राचे मत घेऊ. दुहेरी हा खरा खेळ नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण सानियाने एकेरी हौसेने सोडली नव्हती. दोन्ही गुडघे आणि मनगट, तिन्हींवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ज्या मनगटाच्या जोरावर तिचा फोरहँड जगात ओळखला जायचा, तेच मनगट साथ देईना. २०१३ मध्ये तिने एकेरी थांबवली आणि शरीराला जे झेपते त्यात सर्वोत्तम होण्याचे ठरवले. १३ एप्रिल २०१५ रोजी ती दुहेरीत जगात पहिली झाली आणि एकूण ९१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. मार्टिना हिंगिसबरोबर तिने सलग ४१ सामने जिंकले. महिला दुहेरीची तीन आणि मिश्र दुहेरीची तीन, अशी सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. डब्ल्यूटीएची दुहेरीची विजेतेपदे ४३.

२०१५ च्या विम्बल्डनचा अंतिम सामना मला अजून आठवतो. रमजान चालू होता. तरावीह उरकून आल्यावर रात्री उशिरापर्यंत आम्ही टीव्हीसमोर होतो. माकारोवा आणि वेस्निना या रशियन जोडीने पहिला सेट घेतला, दुसरा टायब्रेकवर सानिया-हिंगिसने. तिसऱ्या सेटमध्ये सानियाची जोडी २-५ अशी मागे पडली. अब्बा म्हणाले, "चला, झोपा आता, सहरीला उठायचंय." कुणी उठले नाही. तो सेट ७-५ असा जिंकला गेला. दुहेरी हा खेळ नसेल, तर त्या रात्री आम्ही काय पाहिले?

निवृत्तीवर वाद कुठे होत नाही?

मोठा खेळाडू थांबला की चाहत्यांत मतभेद होतातच. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२२ मध्ये, टेनिसने तीन मोठ्या निवृत्त्या पाहिल्या. मार्चमध्ये ॲश्ले बार्टी थांबली, वय २५, जगात पहिल्या क्रमांकावर असताना. इतक्या लवकर का, म्हणून लोक हळहळले. सप्टेंबरच्या सुरुवातीला सेरेना विल्यम्स अमेरिकन ओपनमध्ये शेवटचा सामना खेळली. त्याच महिन्यात लंडनच्या लेव्हर कपमध्ये रॉजर फेडरर नदालच्या जोडीने शेवटचा उतरला आणि दोघेही रडले. फेडररने आधीच थांबायला हवे होते का, तो श्रेष्ठ की नदाल की जोकोविच, यावर आजही वाद होतात.

पण त्या वादांकडे नीट पाहा. फेडररबद्दलचे वाद त्याच्या बॅकहँडबद्दल, गुडघ्याबद्दल, हुकलेल्या मॅच पॉइंटबद्दल आहेत. त्याने लग्न कुठल्या देशातल्या मुलीशी केले, त्याची चड्डी किती लांबीची आहे, त्याच्या देशाच्या झेंड्यासमोर त्याचे पाय कुठे होते, हे प्रश्न कुणी विचारले नाहीत. त्याच्या चाहत्यांचे मतभेद खेळाच्या चौकटीत राहिले. सानियाच्या वाट्याला आलेले बहुतेक मतभेद खेळाच्या बाहेरचे होते. टपरीवरच्या पाचपैकी तीन मते टेनिसची होती, हेच मला त्या दिवशी आश्चर्याचे वाटले. २००५ साली असे चित्र नव्हते.

कपड्यांची मोजपट्टी

सप्टेंबर २००५. अमेरिकन ओपनच्या कामगिरीनंतर देशभर सानियाचे कौतुक चालू असतानाच काही मौलवींनी तिच्या कोर्टवरच्या कपड्यांना आक्षेप घेतला. फतव्याची बातमी झाली. कोलकात्यात ती स्पर्धेसाठी गेली तेव्हा तिच्याभोवतीचा पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला. एकोणीस वर्षे पूर्ण व्हायची होती तिची.

आपल्या समाजातल्या अनेकांना हा प्रश्न दीनचा वाटला. समाजाबाहेरच्या अनेकांना तो मुसलमानांच्या मागासलेपणाचा पुरावा वाटला. वाहिन्यांना तर रोज नवा मौलवी हवाच होता. टेनिसचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

विम्बल्डनमध्ये महिला १८८४ पासून खेळतात. सुरुवातीला त्या पायघोळ झगे आणि घट्ट कॉर्सेट घालून धावत. १९१९ मध्ये फ्रान्सची सुझान लेंग्लेन कॉर्सेटशिवाय, आखूड बाह्यांचा आणि पोटऱ्यांपर्यंतचा पोशाख करून आली, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांना तो असभ्य वाटला. ती स्पर्धा तिनेच जिंकली. १९३१ साली स्पेनची लिली दे अल्वारेझ विजारीसारखा दुभंगलेला स्कर्ट घालून उतरली, त्यावरही गहजब झाला. १९४९ मध्ये गसी मोरनच्या पोशाखाच्या लेसवरून काहूर माजले. यातल्या कुठल्याही प्रसंगात मौलवी नव्हता. पाद्री नव्हता. सुटाबुटातली सुशिक्षित माणसे होती.

आणि २०१८ चा किस्सा तर डोळे उघडणारा आहे. बाळंतपणात जिवावर बेतलेले, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास. त्यामुळे सेरेना फ्रेंच ओपनमध्ये अंगभर घट्ट काळा पोशाख घालून खेळली. नंतर फ्रेंच टेनिस महासंघाच्या अध्यक्षांनी जाहीर केले की असा पोशाख यापुढे चालणार नाही, खेळाचा मान राखला पाहिजे. हैदराबादच्या मुलीचे कपडे आखूड म्हणून वाद, अमेरिकेच्या आईचे कपडे अंगभर म्हणून वाद. मोजपट्टी कुठल्या धर्माची आहे यापेक्षा ती कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ती खेळणारीच्या हातात कधीच नसते.

याचा अर्थ आपल्या समाजाने स्वतःकडे पाहू नये असा नाही. दुसऱ्याच्या घरातही कचरा आहे म्हणून आपले अंगण झाडायचे राहत नाही. लिबासाबद्दल प्रत्येकाला मत असू शकते, बुजुर्गांना तर असणारच. पण आपले मत सांगणे वेगळे आणि दुसऱ्याचा खेळ बंद पाडणे वेगळे.

मशीद आणि तिरंगा

२००७ चा डिसेंबर. जाहिरातीच्या चित्रीकरणासाठी सानिया हैदराबादच्या मक्का मशिदीच्या आवारात गेली म्हणून वाद उठला. तिने माफी मागितली. त्याला काही आठवडे होतात न होतात तोच जानेवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हॉपमन कपमधले एक छायाचित्र छापून आले. ती पाय लांब करून बसलेली आणि जवळच तिरंगा. लगेच राष्ट्रध्वजाच्या अवमानाची तक्रार न्यायालयात गेली.

एकाच हिवाळ्यात ती मशिदीचीही गुन्हेगार ठरली आणि तिरंग्याचीही. खेळ सोडून देण्याचा विचार मनात येऊन गेल्याचे तिने त्या दिवसांत सांगितले होते. त्यानंतर मायदेशात, बंगळुरूत होणाऱ्या स्पर्धेतून तिने माघार घेतली. वय होते २१. आपण २०२३ च्या निवृत्तीवर चर्चा करतो. पण सानियाची निवृत्ती खरे तर २००८ मध्येच होऊ घातली होती, आणि ती आपण सगळ्यांनी मिळून घडवून आणली असती. तसे झाले असते तर सहापैकी एकही ग्रँड स्लॅम झाले नसते. पहिले आले २००९ मध्ये, ऑस्ट्रेलियात, महेश भूपतीच्या जोडीने.

२०१० मध्ये तिने पाकिस्तानी क्रिकेटपटू शोएब मलिकशी लग्न केले. आता ती कुणाकडून खेळणार, असे विचारले गेले. ती भारताकडूनच खेळत राहिली. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे रौप्य, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत दोन पदके. सहापैकी पाच ग्रँड स्लॅम लग्नानंतरची आहेत. तरीही जुलै २०१४ मध्ये नव्या तेलंगण राज्याने तिला सदिच्छादूत नेमले, तेव्हा तिथल्या एका राजकीय नेत्याने तिला पाकिस्तानची सून म्हटले. आपण शेवटच्या श्वासापर्यंत भारतीयच राहू, असे तिला जाहीरपणे सांगावे लागले. त्यानंतर दोनच महिन्यांनी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत तिने साकेत मायनेनीबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकले आणि महिला दुहेरीचे कांस्यही. त्या कांस्यपदकातली तिची जोडीदार होती आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. हैदराबादची मुसलमान मुलगी आणि बार्शीची मराठी मुलगी एका पदकासाठी एका कोर्टवर घाम गाळत होत्या. त्या फोटोवर वाद झाला नाही. म्हणून तो फारसा कुणाला आठवतही नाही.

रहिमतपूरच्या माणसाला हा 'आपला की परका' प्रश्न नवा नाही. आमच्या गावात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखला जाणारा मकबरा आहे, शेजारी मशीद आहे आणि मशिदीच्या कारंज्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला उंच बुरूज आहे. मोहम्मद आदिलशहाच्या काळात रणदुल्लाखान कर्नाटकच्या मोहिमेवर गेला, तेव्हा शहाजीराजे त्याच्याबरोबर होते. दोघांनी मिळून मोहीम लढली. आज त्या काळाकडे पाहताना लोक आधी विचारतात, हा आपल्या बाजूचा की त्यांच्या? त्या माणसांनी काय केले, काय बांधले, हे नंतर. कधी कधी तेवढा वेळच उरत नाही. इतिहासाची ही खोड आपण जिवंत माणसांनाही लावतो. सानियाला ती वीस वर्षे लावली.

आई झाल्यावर

धर्म आणि देश यांची परीक्षा झाली की बाईची तिसरी परीक्षा ठरलेली असते. २०१६ मध्ये तिचे आत्मचरित्र आले. त्या निमित्ताने घेतलेल्या मुलाखतीत एका ज्येष्ठ पत्रकाराने तिला विचारले की संसारात स्थिर कधी होणार, मूल कधी? ती तेव्हा जगात पहिली होती. तिने तिथेच शांतपणे दाखवून दिले की जगातला पहिला क्रमांक पुरेसा नाही असे समजूनच हा प्रश्न बायकांना विचारला जातो. पत्रकाराने लगेच माफी मागितली आणि असा प्रश्न पुरुष खेळाडूला आपण विचारला नसता हेही कबूल केले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. आता संपले, असे जवळपास सगळेच म्हणाले. जानेवारी २०२० मध्ये ती परतली आणि पहिल्याच स्पर्धेत, होबार्टला, नादिया किचेनोकच्या जोडीने विजेती झाली. २०२२ च्या सुरुवातीला तिने जाहीर केले की हा शेवटचा हंगाम. त्या वर्षी कोपराला दुखापत झाली आणि हंगाम अर्धवट राहिला. इथे तिचे वेगळेपण दिसते. दुखापतीने संपवलेली कारकीर्द तिला नको होती. ती पुन्हा उभी राहिली. जानेवारी २०२३ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत गेली. चौदा वर्षांची असताना हाच रोहन तिचा मिश्र दुहेरीतला पहिला जोडीदार होता. ब्राझीलच्या स्टेफानी आणि मातोस जोडीने त्यांना हरवले. चार वर्षांचा मुलगा प्रेक्षकांत होता. ती बोलताना रडली. मग दुबई. मग ५ मार्चला हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर आपल्या माणसांसमोर निरोपाचा प्रदर्शनीय सामना.

उशीर झाला की घाई झाली, या वादाचे माझे उत्तर एवढेच. तिने दिवस स्वतः ठरवला. जागाही स्वतः ठरवली.

माझ्या घरातली निवृत्ती

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. इथवर मी ते टाळत आलो.

२००५ साली माझी बहीण नववीत होती. शाळेच्या खो-खो संघात खेळायची. चांगली खेळायची. खांबापाशी सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. तालुक्याला संघ जिंकला आणि जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचे ठरले. नेमके तेच दिवस. वर्तमानपत्रांत रोज सानियाच्या स्कर्टची चर्चा. मोहल्ल्यात दोन-तीन जणांनी अब्बांना सुचवले की आपली मुलगीही हाफ पँटवर मैदानात असते, जरा बघा.

अब्बा काही बोलले नाहीत. अम्मीला तर काही वावगे वाटतच नव्हते. मी चोवीस वर्षांचा होतो, नवी नोकरी लागली होती, घरात माझ्या शब्दाला वजन आले होते. मी बहिणीला सांगितले, "आता बास झालं." ती म्हणाली, "सानिया खेळतेच ना, भाई?" मी म्हणालो, "ती सानिया आहे. तू नाहीस."

दुसऱ्या दिवशी तिने संघाचा पोशाख धुऊन, घडी घालून बाईंना परत केला. भांडली नाही, रडली असली तर माझ्यासमोर नाही. जिल्ह्याला संघ तिच्याशिवाय गेला.

आणि त्याच महिन्यात मी टपरीवर बसून मौलवींच्या विरोधात तावातावाने बोलत होतो. सानियाला खेळू द्या म्हणत होतो. मी तिचा चाहता होतो ना! टीव्हीवरच्या मुलीसाठी टाळ्या आणि घरातल्या मुलीसाठी बंदी, यात काही विसंगत आहे हे माझ्या लक्षातही आले नाही. माझ्यासारखे सुशिक्षित, पेपर वाचणारे, स्वतःला पुरोगामी समजणारे भाऊ गावोगाव होते. फतव्याचे निमित्त होते. बंदी आम्ही घातली.

माझ्या बहिणीची निवृत्ती चौदाव्या वर्षी झाली. ती तिने जाहीर केली नाही, मी केली. तिचा शेवटचा सामना कोणता, हे खेळताना तिला माहीत नव्हते. म्हणून अठरा वर्षांनी तिने तो प्रश्न विचारला. सानियाने आपल्या मनाने सोडले ना?

"हो," मी म्हणालो. "आपल्या मनाने."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अच्छा हुआ." आणि विषय बदलला. मी माफी मागायला हवी होती. त्या दिवशी मागितली नाही. पुढच्या ईदला मागितली. ती हसली आणि म्हणाली, "जाऊ दे, भाई, आता माझे गुडघे दुखतात."

पुढचे पान

चित्र बदलते आहे, हेही नोंदवले पाहिजे. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्याच ऑलिंपिकमध्ये सानिया आणि प्रार्थना जोडीने खेळल्या होत्या. सानिया थांबली त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली. निजामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे मुष्टियुद्धात जगज्जेती ठरली. तिलाही लहानपणी कपड्यांवरून ऐकावे लागले होते. ट्युनिशियाची ओन्स जाबूर २०२२ आणि २०२३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात होती. यातल्या प्रत्येकीच्या मागे कुणीतरी आहे, ज्याने 'आता बास झालं' असे म्हटले नाही.

इतिहास लिहिताना आपण विजेत्यांची यादी करतो. ती करावीच. पण खेळाचा खरा इतिहास लिहायचा तर आणखी एक यादी लागेल. ज्या मुली तालुक्याला जिंकल्या आणि जिल्ह्याला गेल्याच नाहीत, त्यांची. ती यादी कुठल्याही दफ्तरात मिळणार नाही. ती आपल्या घराघरांत आहे, आणि ती आपल्याला तोंडपाठ आहे. त्या यादीत सगळ्या जातिधर्मांच्या मुली असतील, पण आपल्या मोहल्ल्यांतल्या जरा जास्तच असतील, हे मान्य करायला हरकत नाही.

सानियाच्या निवृत्तीवर तुमचे मत काहीही असो. ते जरूर मांडा. फक्त त्याआधी आपल्या घरातली कोणती मुलगी कधी, कुणाच्या सांगण्यावरून निवृत्त झाली, हे एकदा आठवून पाहा.

माझी भाची आता चौथीत आहे. कऱ्हाडला शाळेच्या मैदानावर खो-खो खेळते. गेल्या महिन्यात शाळेने पालकांच्या संमतीचा कागद पाठवला होता. त्यावर सही तिच्या आईची आहे. बुटांचे पैसे मी दिले. ते कधी काढून ठेवायचे, ते तिचे ती ठरवील.